लेकरू काचेत, माय कोठी?

“कसं हाये वो तुमचं?”
“आज वीस ग्राम वाढलं म्हनते सिस्टर.”
“आमचं काल दहा ग्राम कमी झालं...”

अमरावतीचं डफरिन घ्या, अकोल्याचं लेडी हार्डिंग घ्या, नाहीतर एखादा खासगी दवाखाना घ्या. नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाबाहेर सकाळी हाच संवाद ऐकू येतो. तिथे कुणी एकमेकींचं नाव विचारत नाही, जात विचारत नाही, गाव मागाहून कळतं. पहिला प्रश्न असतो तो ग्रॅमचा. वीस ग्रॅम म्हणजे चिमूटभर काहीतरी! पण त्या वीस ग्रॅमवर त्या माउलीचा अख्खा दिवस तरून जातो.

दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, बाळापूर, तेल्हारा... कुठून कुठून आलेल्या असतात या बाया. कुणाच्या बाळाचे दिवस पुरे भरलेले नसतात, कुणाचं बाळ जन्मताच रडलेलं नसतं, कुणाची कावीळ वाढलेली, तर कुणाला जंतुसंसर्ग झालेला. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ कमी वजनाचं समजतात आणि ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी आलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. त्यातलं प्रत्येकच बाळ काचपेटीत जात नाही. पण ज्यांना श्वास घेणं, दूध ओढणं, अंग गरम ठेवणं जमत नाही, त्यांना तिथे ठेवावंच लागतं. कधी चार दिवस, कधी चार आठवडे.

आणि इथूनच घराची ओढाताण सुरू होते. कारण बाळाला ठेवून घेतात. पण आईला मात्र सुट्टी मिळते!

माझ्या ओळखीतल्या एका सुनेची गोष्ट सांगते. बाळ आठव्या महिन्यात झालं, वजन दीड किलोच्या आसपास. बाळ अमरावतीला काचेत आणि घर तिथून दीड तासाच्या एसटीवर. घरी चार वर्षांची मोठी लेक, गुडघे धरलेल्या सासूबाई आणि नेमकी सोयाबीनची सोंगणी सुरू. सिझेरियनचे टाके ओले असताना ही बाई सकाळी एसटीने जायची आणि संध्याकाळी परत यायची. दवाखान्यात बसली की घरून फोन, “मिठाची बरणी कोठी ठेवली?” घरी आली की जीव दवाखान्यात. लेक पदराला धरून विचारायची, “आई, तू बाळ घेऊन कवा येशीन?” आठव्या दिवशी तिचं दूध आटत आलं. घरात कुजबूज झाली, “हिच्या अंगातच दूध नाही.” कुणाच्याच हे ध्यानात आलं नाही की रोज तीन तास एसटीत हादरे खाणाऱ्या, धड न जेवलेल्या, धड न झोपलेल्या बाईला दूध यावं तरी कुठून?

त्या घरातली माणसं वाईट नव्हती. नवरा दोन्हीकडे धावतच होता. चूक एकच झाली होती. ‘बाळाकडे डॉक्टर बघताहेत, मग आईचं तिथे काय काम?’ असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तिचं दवाखान्यात जाणं म्हणजे भेटीला जाणं आणि खरं काम घरी, असा हिशेब होता.

मैत्रिणींनो, हा हिशेबच उलटा आहे. आज मला एवढंच सांगायचं आहे. काचेतल्या बाळाची आई ही भेटायला येणारी पाहुणी नव्हे. ती उपचाराचा भाग आहे. तिची जागा बाळाजवळ. घर बाकीच्यांनी सांभाळायचं.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, त्याला आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत एक मोठा अभ्यास झाला. आपल्याकडे तो दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात झाला. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या बाळांना जन्मल्यापासूनच, प्रकृती पुरती स्थिरावण्याची वाट न बघता, आईच्या उघड्या छातीशी ठेवलं. त्यासाठी आईची खाटच बाळाच्या कक्षात आणली. २०२१ साली निकाल आले. नेहमीच्या पद्धतीत शंभरातली जवळपास सोळा बाळं महिन्याच्या आत दगावत होती, आईजवळ ठेवल्यावर हा आकडा बारावर आला. आईचं अंग, आईचा वास, आईचं दूध यांनी हे केलं! पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, संघटनेने शिफारस केली की अशा बाळांना दिवसातून ८ ते २४ तास असं छातीशी ठेवावं. यालाच ‘कांगारू पद्धत’ म्हणतात. दिवसातून एकदा येऊन काचेतून बघून जाणाऱ्या आईला हे कसं साधणार?

दुधाचंही तसंच. बाळ ओढून पिऊ शकत नसलं तरी आईने दूध काढून दिलं की ते नळीने किंवा वाटी-चमच्याने पाजता येतं. पहिला चीक तर थेंबभर निघाला तरी लाखमोलाचा. मात्र त्यासाठी दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढत राहावं लागतं. दिवसाचे आठ वेळा तरी. अंगावरचं दूध हे विहिरीच्या झऱ्यासारखं आहे, उपसलं तरच वाहतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काढलेलं दूध बाहेर ठेवून चालत नाही. ते लगेच सिस्टरच्या हवाली करावं किंवा फ्रिजमध्ये ठेवावं. आईचं दूध नाहीच आलं तर दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तपासून, निर्जंतुक करून देणाऱ्या दुग्धपेढ्या आहेत. आशियातली पहिली दुग्धपेढी आपल्याच राज्यात, मुंबईच्या शीव रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली होती.

मग घराचं काय? इथेच खरी कसोटी आहे, आणि ती आईची नाही, बाकीच्यांची आहे.

पहिल्या दिवशीच घरातल्यांनी बसून कामं वाटून घ्यावीत. बाळंतिणीला विचारत बसू नये, तिला फक्त सांगावं. सैपाक कुणी करायचा, डबा कुणी न्यायचा, गुरं-ढोरं कुणी बघायची, रात्री तिच्याजवळ कोण राहील, दिवसा कोण. नणंद चार दिवस आली तर तिने माहेरपण मागू नये, चूल हाती घ्यावी. शेजारीण “काही लागलं तर सांगा” म्हणते, तिला खरंच सांगावं, “दोन दिवस लेकीला शाळेत सोडा.” मदत मागण्यात कमीपणा कसला? सुगीच्या दिवसांत आपण एकमेकींच्या वावरात जातोच की!

नवऱ्याचं काम फक्त औषधं आणणं आणि पैसे भरणं एवढंच नाही. हात स्वच्छ धुऊन, दवाखान्याच्या शिस्तीत, बापही बाळाला छातीशी धरू शकतो. आजीही धरू शकते. आईला दोन तास झोप मिळते आणि बापाचा जीवही लेकरात गुंततो. ज्याने असं दीड किलोचं लेकरू छातीवर घेतलं, तो माणूस पुन्हा ‘लेकरं सांभाळणं बाईचं काम’ असं म्हणेल, असं मला तरी वाटत नाही.

मोठ्या लेकराला मात्र आपण सपशेल विसरतो. आई अचानक नाहीशी झाली, घरात सगळे कुजबुजतात, कुणी रडतं, मग ते अंथरूण ओलं करायला लागतं, हट्ट करायला लागतं, आणि आपण त्याला रपाटा देतो. चार वर्षांच्या लेकीलाही खरं सांगता येतं, “बाळ फार लहान आहे, त्याला गरम पेटीत ठेवलंय, आई त्याला दूध देते, तू काही चूक केली म्हणून आई गेली नाही.” रोज ठरलेल्या वेळी आईचा फोन यावा. तिने काढलेलं एखादं चित्र डब्यासोबत दवाखान्यात जावं. आठवड्यातून एकदा तिला आईजवळ नेऊन आणावं. एवढ्याने ती सावरते.

आता बाळंतिणीविषयी. तीसुद्धा रुग्णच आहे, हे कुणाच्या लक्षात नसतं. तिचे टाके ओले आहेत, अंगावरून जातं आहे, कंबर दुखते आहे. तिला गरम, पोटभर जेवण हवं. भाकर, वरण, भाजी, जमलं तर डिंकाचा लाडू. आणि तिला बोलणी नकोत. “तू ओझं उचललं असशीन”, “तुह्यं खाणंच कमी होतं” ही वाक्यं घराघरांत ऐकू येतात. बाळ अपुऱ्या दिवसांचं होण्याची कारणं अनेक असतात. रक्तदाब वाढणं, जंतुसंसर्ग, रक्त कमी असणं, जुळं असणं, आणि कित्येकदा तर डॉक्टरांनाही कारण सापडत नाही. बाईवर खापर फोडून बाळाचं एक ग्रॅमही वाढत नाही.

दुसरी एक जुनी म्हण सारखी कानावर येते, ‘सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही.’ हे साफ खोटं आहे. बाळ पोटात जितके दिवस जास्त राहील, तितकी त्याची फुप्फुसं पक्की होतात. म्हणजे आठव्या महिन्याचं बाळ सातव्यापेक्षा बळकटच असतं. ही म्हण दवाखान्याच्या दारात उच्चारू नका, आईच्या काळजाचं पाणी होतं.

सतत रडू येणं, झोपायची संधी मिळूनही झोप न लागणं, बाळाला हात लावायची भीती वाटणं, ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असे विचार येणं, हे नाटक नसतं. बाळंतपणानंतर येणारा हा आजार आहे, त्याला उपचार आहेत. दोन आठवड्यांवर असं चाललं तर डॉक्टरांना सांगाच. आणि जीव नको झाल्याचं बोलली तर एक दिवसही थांबू नका, तिला एकटं सोडू नका.

रीतिरिवाजांचा एक गुंता असतो. पाचवी कशी पुजायची, बारसं बाराव्या दिवशी कसं करायचं, बाळंतीण घराबाहेर कशी? सटवाई काय, नाव ठेवणं काय, बाळ घरी आल्यावर सगळं करता येतं. देव काही पंचांग घेऊन दारात उभा नसतो. भेटायला येणाऱ्यांनीही थोडं भान ठेवावं. दहा जणांनी जीप करून दवाखाना गाठण्यापेक्षा दोघांनी डबा घेऊन जावं.

पैशाचं बोलल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. बाळ काचेत म्हटलं की आधी मंगळसूत्र आठवतं, मग सावकार. म्हणून हे नीट लक्षात ठेवा. जून २०११ पासून ‘जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम’ आहे. त्यात सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त हे सारं मोफत आहे. सुरुवातीला ही सवलत ३० दिवसांपर्यंत होती, पुढे ती वर्षभराच्या बाळापर्यंत वाढवली. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी सोडायला गाडीही मोफत. त्यासाठी १०२ क्रमांक, तातडीच्या वेळी १०८. खासगीत जायची वेळ आलीच तर ते रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आहे का आणि बाळाचा आजार त्यात बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. ही योजना २०१२ साली वेगळ्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला अमरावती जिल्हा होता. आपण विचारत नाही, म्हणून आपल्याला मिळत नाही, असं फार वेळा होतं.

पण या कार्यक्रमात एक फट आहे, आणि तिच्यातच ही माय अडकते. बाळंतिणीचं दवाखान्यातलं मोफत जेवण साध्या बाळंतपणात तीन दिवस, सिझेरियन असेल तर सात दिवस. बाळ मात्र काचेत तीन-चार आठवडे. सातव्या दिवसानंतर या बाईने जेवायचं कुठे? निजायचं कुठे? मेळघाटातल्या धारणीहून आलेली बाई रोज जाऊन-येऊन करू शकते का? मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगलं झालं. पण ओल्या टाक्यांनी घाटातून रोज प्रवास करायला लावणारं अर्धं तिकीट काय कामाचं?

ज्या मातीत आपण राहतो, तिथल्या एका माणसाने या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. शेंडगावचे गाडगेबाबा! त्यांनी स्वतःसाठी काही बांधलं नाही. पण पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा बांधली. पुढे त्यांच्या नावाने दादरला कर्करोगाच्या रुग्णांची आणि नातलगांची सोय झाली. दवाखान्यात आलेल्या माणसाला औषधाइतकीच निवाऱ्याची गरज असते, हे शाळा न शिकलेल्या बाबांना कळलं होतं. अमरावतीत त्यांची समाधी आहे. तिथे हात जोडणाऱ्या आपण सगळ्यांनी एवढं मागायला काय हरकत आहे, की जिथे नवजात बाळांचा कक्ष आहे, तिथे प्रत्येक बाळामागे आईसाठी एक खाट, दोन वेळचं जेवण, स्वच्छ संडास-न्हाणी आणि दूध काढायला आडोसा असावा? बाळ सुटेपर्यंत!

हे मागणं नवीन नाही. आई-वडिलांना कक्षात घेऊन, हात धुण्यापासून दूध पाजण्यापर्यंत शिकवून, बाळाच्या काळजीत सामील करावं, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०१७ मध्येच काढल्या आहेत. त्यामुळे कक्षाच्या दारात कुणी “आईला आत सोडत नाही” म्हणालं, तर भांडू नका; पण शांतपणे विचारा, “मग मला शिकवता का? मी नियम पाळीन.” सिस्टरवर तरी किती ओझं असतं! शिकलेली आई तिलाही हातभारच लावते. आणि कक्षातल्या विजेची, आगीच्या बंदोबस्ताची तपासणी वेळेवर होते ना, हेही नागरिक म्हणून विचारलं पाहिजे. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात अशाच कक्षात आग लागून दहा बाळं गेली. विदर्भातल्या कुठल्याही आईला ती रात्र विसरता येणार नाही.

मग एक दिवस सुट्टी होते. घरी येताना केसपेपर सांभाळून आणा, आशाताईला त्याच दिवशी कळवा. घरी येऊन नवजात बाळ बघण्याची जी पद्धत आशाताई पाळतात, ती आपल्या विदर्भानेच देशाला दिली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत साध्या गावच्या बायांना शिकवून तयार केलं. तिथलं नवजात बालमृत्यूचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झालं. हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि २०११ पासून देशभर आशाताई हे काम करू लागल्या.

बाळाला उबेत ठेवा, छातीशी धरणं घरीही चालू ठेवा. मध, गुटी, वरचं पाणी नको. बाळ ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं असेल तर त्याच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून चार आठवड्यांच्या आत व्हायलाच हवी, फार लहान बाळाची तर त्याहून आधी. ही तारीख चुकली तर दृष्टी जाऊ शकते. कानांची तपासणीही विचारून घ्या. बाळ दूध ओढेनासं झालं, थंड पडलं, सुस्त झालं, श्वास जोरात चालू लागला, तर सकाळची वाट बघू नका.

प्रत्येक लेकरू घरी येतंच असं नाही. काही आया रिकाम्या हाताने परततात. त्यांच्या दुःखाला “दुसरं होईल” म्हणून झाकू नका. ते लेकरू होतं, त्याचं वजन तिला ग्रॅममध्ये पाठ होतं. तिलाही बाळंतिणीचा आराम द्या, जेवण द्या, रडू द्या.

आणि ती सून? तिच्या सासूबाईंनीच शेवटी निर्णय घेतला. गुडघे दुखत होते, तरी म्हणाल्या, “तू तिथीच राय. मी पायते घराचं.” नवऱ्याने दवाखान्याजवळ एका नातलगाकडे खोली बघितली, नणंद डबा पोचवू लागली. पाच दिवसांत दूध परत आलं. तेवीस दिवसांनी ती बाळ घेऊन घरी आली, तेव्हा मिठाची बरणी कुठे असते, हे घरातल्या सगळ्यांना पाठ झालं होतं.